वेळा अमावास्या (येळवस)

मार्गशीर्ष अमावास्येचा शेतशिवारातील सण. लातूर व धाराशिव जिल्ह्यांत आणि लगतच्या बीड, सोलापूर भागांत तो पाळतात. नावाचा संबंध कन्नड ‘एळ्ळ अमावास्ये’शी जोडतात. कन्नडमध्ये ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ, तर लोकव्युत्पत्ती ‘एळु’, म्हणजे सात, अशी सांगते.

रब्बीची ज्वारी उभी असताना शेतात कडब्याची कोप (खोपटे) उभारतात. आत पाच दगडांना चुन्याने रंगवून पांडव म्हणून पुजतात. भज्जी, उंडे व आंबील यांचा नैवेद्य दाखवून गावातल्यांना, वाटसरूंनाही जेवू घालतात. मूर्ती नाही, मंत्र नाही, बहुधा पुरोहितही नाही. पांडवांचे नाव या दगडांना नंतर मिळाले असावे. मूळ पूजा भूमीची दिसते.

एकाच देवाला मानणाऱ्या श्रद्धावंताने ही पूजा करावी का, हा प्रश्न मराठवाड्यात जुना आहे. तेराव्या शतकातील चक्रधरांच्या महानुभाव पंथात परमेश्वराखेरीज अन्य देवतांची उपासना वर्ज्य आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्या पिकाबद्दल देवाचे आभार मानण्यासाठी हंगामाचा सण करतात. नैवेद्याच्या अन्नाबद्दल करिंथकरांस पहिल्या पत्राचे 8 व 10 हे अध्याय त्यांना मार्गदर्शक ठरतात: मूर्ती काहीच नाही, तरी पूजेत भागीदार होऊ नये आणि दुबळ्या विवेकाच्या भावाला ठेच लावू नये. मात्र बायबलमधील मंडपांचा सणही पीक घरात आल्यावर, झावळ्या-फांद्यांच्या मांडवातच साजरा होई.

म्हणून केवळ उगमावरून सण त्याज्य ठरत नाही. पूजा टाळणाऱ्यालाही कोपीबाहेरच्या पंगतीत बसता येते.