‘चित्ता’ या नावाचा अर्थ काय? हा शब्द आला कुठून?

उसाच्या फडात बिबट्या दिसला की ‘चित्ता आला’ म्हणत त्याचा व्हिडिओ अनेकदा व्हायरल होतो. हे दोन्ही प्राणी वेगळे आहेत. पण या गोंधळाला नावही थोडं जबाबदार आहे.

‘चित्ता’ शब्दाचं मूळ संस्कृतमधल्या ‘चित्रक’ या शब्दात आहे. ‘चित्र’ म्हणजे ठिपकेदार, रंगीबेरंगी. म्हणजेच चित्ता म्हणजे अंगावर ठिपके असलेला. हिंदीतला ‘चीता’ पुढे इंग्रजीतही गेला. पण ठिपके तर बिबट्यालाही असतात!

मग ओळखायचं कसं? चित्त्याचे ठिपके गोल आणि भरीव असतात, बिबट्याचे मधून पोकळ, फुलासारखे. चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ असते. बिबट्याला ती नसते.

जगाला हे नाव देणाऱ्या भारतातूनच चित्ता नाहीसा झाला. शिकार आणि कमी होत गेलेली गवताळ माळरानं ही त्याची प्रमुख कारणं. १९५२ मध्ये तो देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. पुढे १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आणलेले ८ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोमध्ये दाखल झाले.

त्यामुळे असा व्हिडिओ आला, तर फॉरवर्ड करण्याआधी ती काळी रेघ आहे का, हे नक्की पाहा.