मेक्सिकोचा कंद, मार्करची वही आणि स्टिरॉइड्स

मागच्या महिन्यात माझी एक रिअ‍ॅक्शन पुन्हा करायची होती. सहा महिन्यांपूर्वी ती मस्त झाली होती. वही उघडली, तर माझ्याच अक्षरात लिहिलेलं : 'नेहमीप्रमाणे तापवले, मग बी-२ टाकले.' नेहमीप्रमाणे म्हणजे किती अंश? आणि बी-२ म्हणजे कोणती बाटली? तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत मला सारखा रसेल मार्कर आठवत होता. म्हणून आज त्याची गोष्ट. पेट किंवा नेट-सेटची तयारी करत असाल, तर हा इतिहास नुसता मुलाखतीपुरता वाचू नका.

आधी थोडं रसायनशास्त्र. स्टिरॉइड म्हटलं की आपल्याला जिम आठवते. पण स्टिरॉइड हे एका सांगाड्याचं नाव आहे. सहा-सहा कार्बनची तीन वलयं आणि पाच कार्बनचं एक, अशी चार वलयं एकमेकांना चिकटलेली. एकूण १७ कार्बन. कोलेस्टेरॉल, पित्ताम्लं, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसोन या सगळ्यांच्या पोटात हाच सांगाडा. फरक असतो तो सांगाड्याला कुठे काय जोडलंय याचा, आणि तेवढ्यावर शरीरातलं काम पार बदलतं.

१९३०च्या दशकातली अडचण रचनेइतकीच मालाची होती. १९३४ साली अडॉल्फ बुटेनांट यांच्या गटाला जेमतेम २० मिलिग्रॅम शुद्ध प्रोजेस्टेरॉन मिळालं, तेही ५०,००० डुकरिणींच्या अंडाशयांतून. मासिक पाळीच्या तक्रारींवर आणि गर्भपात टाळण्यासाठी डॉक्टरांना हे हार्मोन वापरून बघायचं होतं. पण १९४०च्या आसपास त्याचा भाव ग्रॅमला ८० डॉलरच्या घरात होता. एवढं महाग औषध किती जणींना परवडणार?

इथे मार्कर येतो. हा गडी मेरिलंड विद्यापीठात पीएच.डी. करत होता. प्रबंधापुरतं काम झालं होतं, पण भौतिक रसायनशास्त्राचे उरलेले पेपर द्यायला त्याने साफ नकार दिला आणि पदवी न घेताच निघून गेला. (हे अनुकरणीय नाही. कोर्सवर्क वेळेत पूर्ण करा!) पुढे तो पेनसिल्व्हेनिया स्टेटला आला आणि वनस्पतींतल्या सॅपोजेनिनच्या मागे लागला.

सॅपोनिन आपल्याला परकी नाहीत. रिठ्याला फेस येतो तो सॅपोनिनमुळेच. मात्र रिठ्यातली सॅपोनिन ट्रायटरपेनॉइड प्रकारची. मार्करला हवी होती स्टिरॉइड प्रकारची. साखरेचा भाग काढून टाकला की जे उरतं ते सॅपोजेनिन. त्यात स्टिरॉइडचा सांगाडा तयारच असतो, पण त्याला एक बाजूची साखळी लटकलेली असते. ही साखळी सहजासहजी तुटणारी नाही, असा तेव्हाचा समज होता. मार्करने तिची रचना वेगळी असावी असं मांडलं आणि तोडून दाखवली. अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइडबरोबर सुमारे २०० अंशांना तापवायचं म्हणजे कडं उघडतं. क्रोमिक आम्लाने ऑक्सिडेशन करायचं. मग नको असलेला तुकडा काढून टाकायचा. २७ कार्बनच्या डायोस्जेनिनपासून २१ कार्बनचं प्रोजेस्टेरॉन अशा मोजक्या पायऱ्यांत हाती येतं. आज याला 'मार्कर डिग्रेडेशन' म्हणतात. पुस्तकात अर्ध्या पानात संपतं.

आता डायोस्जेनिन भरपूर देणारी वनस्पती हवी होती. ती सापडली मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझमध्ये : डायोस्कोरिया कुळातला एक जंगली कंद. आपल्याकडचं कोनफळ आणि कारंदा हे याच प्रजातीतले, पण तो कंद खाण्याचा नव्हे. एका वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातलं चित्र पाहून मार्कर तिकडे गेला. पुढे त्याने सांगितलेल्या आठवणींनुसार अल्बर्टो मोरेनो नावाच्या गावातल्या दुकानदाराने त्याला कंद मिळवून दिले, बसवरून ते चोरीला गेले, आणि पोलिसाला पैसे चारल्यावर त्यातला एकच परत मिळाला. म्हणजे बघा, शोधाचं श्रेय मार्करचं. पण झाड कुठे उगवतं हे गावकऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं.

त्याला पैसा पुरवणाऱ्या पार्क-डेव्हिस कंपनीने मेक्सिकोत कारखाना काढायला नकार दिला. मग त्याने स्वतःच सुमारे दहा टन कंद गोळा करवून तीन किलो प्रोजेस्टेरॉन तयार केलं. १९४४ मध्ये मेक्सिको सिटीत दोन भागीदारांबरोबर 'सिंटेक्स' कंपनी उभी राहिली. वर्षभरातच पैशांवरून भांडण झालं आणि १९४५ मध्ये मार्कर बाहेर पडला. जाताना पद्धत स्वतःच्या डोक्यात घेऊन गेला! बाटल्यांवर रसायनांच्या नावांऐवजी सांकेतिक शब्द होते. नंतर आलेल्या जॉर्ज रोझेनक्रान्झला सगळी प्रक्रिया नव्याने जुळवावी लागली. माझं 'बी-२' तुम्हाला आठवलं असेलच.

यानंतरचा वेग मात्र थक्क करणारा आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. पण हे कॉर्टिसोन बैलाच्या पित्तापासून ३६ पायऱ्यांनी बनत होतं! खरी मेख अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन बसवण्यात होती. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांनी हे काम बुरशीकडून करून घेतलं. शिळ्या पावावर येणाऱ्या बुरशीच्या जातकुळीतली रायझोपस प्रोजेस्टेरॉनच्या अकराव्या कार्बनवर एका पायरीत ऑक्सिजन बसवते. आता कच्चा माल म्हणून प्रोजेस्टेरॉन टनांनी हवं झालं, आणि ते होतं मेक्सिकोच्या कंदात. त्याआधीच, ऑक्टोबर १९५१ मध्ये, सिंटेक्समध्ये लुईस मिरामोंतेस या २६ वर्षांच्या विद्यार्थ्याने जेरासी आणि रोझेनक्रान्झ यांच्या हाताखाली नॉरएथिस्टेरॉन बनवलं. गर्भनिरोधक गोळ्यांतला तो एक महत्त्वाचा घटक ठरला.

कंद खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या हाती मात्र किलोमागे किरकोळ पैसे पडत. १९७५ मध्ये मेक्सिको सरकारने या धंद्यासाठी सरकारी कंपनी काढली, पण तोवर कंपन्या सोयाबीनच्या स्टेरॉलकडे वळू लागल्या होत्या. आपल्या हिमालयातला डायोस्कोरिया डेल्टॉइडिया याच कारणासाठी इतका खणला गेला की त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आणावे लागले.

औषध म्हणूनही ही दुधारी सुरी आहे. कॉर्टिसोनचे दुष्परिणाम हेंच यांच्या काळातच दिसू लागले होते : सूज, हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं. २०२० साली ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना मात्र फायदा दिसला नाही. औषध तेच, पण कुणाला आणि कधी, हा प्रश्न सुटत नाही.

मार्करने १९४९ च्या सुमारास रसायनशास्त्रच सोडलं आणि पुढे जुन्या चांदीच्या वस्तूंच्या प्रतिकृती करवून घेऊ लागला. त्याच्याकडून कच्च्या मालाकडे रसायनशास्त्रज्ञाच्या नजरेने बघायला शिका. सगळे 'हे तुटत नाही' म्हणत असतील, तर रचना एकदा पुन्हा तपासा. वही मात्र त्याच्यासारखी ठेवू नका. तापमान, वेळ, वजन, बाटलीचा लॉट नंबर, फसलेला प्रयोगसुद्धा त्याच दिवशी लिहा. तुमच्या जागेवर उद्या दुसरं कोणीतरी बसणार आहे. बऱ्याचदा ते दुसरं कोणीतरी म्हणजे सहा महिन्यांनंतरचे तुम्हीच असता.

ता. क. : बी-२ म्हणजे दुसऱ्या कप्प्यातलं पायरिडीन निघालं. बाटलीवर आता नाव लिहिलंय.