हजेरीपट कुणाचा आणि केव्हाचा?

मंडळी, आज जरा वेगळा विषय. आपल्या घराघरांतली मुलं कॉम्प्युटरच्या कामात आहेत, पण नेमकं काय करता असं विचारलं की "तुम्हाला नाही कळणार" म्हणतात. आम्ही पडलो इतिहासाचे मास्तर, असं उत्तर कसं चालवून घेणार? भाचीला खोदून खोदून विचारलं, थोडं वाचलं, आणि 'डिपेंडन्सी इंजेक्शन' नावाच्या कल्पनेचा इतिहास हाती लागला.

प्रोग्रॅम म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेले अनेक भाग. पूर्वी प्रत्येक भाग लागेल ती वस्तू स्वतःच बनवून घेई. मग एक वस्तू बदलायची तर दहा ठिकाणी हात घालावा लागे. २००२ साली रॉड जॉन्सन यांनी यावर पुस्तक लिहिलं. (या गृहस्थांची पीएच.डी. चक्क संगीतशास्त्रातली!) त्या पुस्तकातल्या कोडमधून 'स्प्रिंग' उभं राहिलं, त्याची पहिली पूर्ण आवृत्ती मार्च २००४ ची. त्याच वर्षी जानेवारीत मार्टिन फाउलर यांनी एका लेखात या पद्धतीला 'डिपेंडन्सी इंजेक्शन' हे नाव दिलं. वस्तू भागाने बनवायची नाही. 'कंटेनर' नावाच्या व्यवस्थापकाने ती आणून द्यायची.

कोण देणार हे ठरलं. पण दिलेली वस्तू टिकणार किती वेळ?

शाळेचंच बघा. घंटा सगळ्या शाळेला मिळून एक. हजेरीपट प्रत्येक वर्गाचा वेगळा. खडू लागेल तेव्हा नवा. स्प्रिंगमध्ये सुरुवातीला घंटा आणि खडू हे दोनच प्रकार होते. ऑक्टोबर २००६ च्या दुसऱ्या आवृत्तीत हजेरीपट आला, म्हणजे वेबसाइटवरच्या एकेका विनंतीपुरती किंवा एकेका माणसाच्या भेटीपुरती जगणारी वस्तू.

आणि इथेच मेख आहे. समजा, शिपाईमामांनी सकाळी पाचवी अ चा हजेरीपट उचलला आणि दिवसभर तोच सगळ्या वर्गांत फिरवला, तर? दीर्घकाळ जगणाऱ्या भागाने अल्पायुषी वस्तू धरून ठेवली की नेमकं हेच होतं. एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याच्या पडद्यावर दिसू शकते. मार्क सीमन यांनी २०१४ साली या दोषाला नाव दिलं 'कॅप्टिव्ह डिपेंडन्सी', म्हणजे बंदिवान वस्तू.

उपाय मात्र आधीच सापडला होता. मामांच्या हाती हजेरीपट द्यायचाच नाही, कपाटाची किल्ली द्यायची! ज्या वर्गावर जायचं, त्याचा पट त्या वेळी काढायचा. गूगलमधल्या बॉब ली यांच्या 'ग्यूस'मध्ये (२००७) या किल्लीला 'प्रोव्हायडर' म्हणत. पुढे जॉन्सन आणि ली या दोन प्रतिस्पर्ध्यांनी मिळून जावा भाषेसाठी एक सामाईक मानक तयार केलं. २००९ मध्ये मंजूर झालेल्या त्या मानकातही प्रोव्हायडर आहे.

किल्लीचा आणखी एक उपयोग. रात्री आपोआप चालणाऱ्या कामात समोर कुणाची विनंतीच नसते. तिथे विनंतीपुरती वस्तू मागितली की प्रोग्रॅम अडतो. मे महिन्याच्या सुट्टीत कुणी दाखला मागायला आलं तर आपण वर्गाचा हजेरीपट शोधत नाही, जनरल रजिस्टर काढतो. तसंच इथेही. विनंती चालू असेल तर तिची वस्तू, नसेल तर कायमची. हा निर्णय आधी लिहून ठेवता येत नाही, काम चालू असतानाच घ्यावा लागतो.

मला या इतिहासात गंमत वाटली ती ही, की निवडीचा अधिकार प्रत्येक भागाकडून काढून व्यवस्थापकाकडे दिला, आणि काही वर्षांतच 'आत्ता कोणती?' एवढा प्रश्न विचारायची मुभा भागाला परत द्यावी लागली. काय द्यायचं ते वरून ठरवता येतं. केव्हा लागेल ते काम करणाऱ्यालाच कळतं. शाळा चालवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

असो. घरातल्या कॉम्प्युटरवाल्यांनी वाचून काही राहिलं असेल तर जरूर लिहावं. आणि हो, "तुम्हाला नाही कळणार" हे आता चालणार नाही!