मंडई ते मांजरी: मातीच्या कर्बाची गोष्ट



फाल्गुन-चैत्रात पुण्याच्या मंडईत गेलं की जिकडे तिकडे द्राक्षं. गिऱ्हाईक एक मणी तोंडात टाकतं, भाव विचारतं आणि पुढं जातं. तो मणी ज्या मातीतून आला, तिची विचारपूस कुणी करत नाही. आज आपण ती करू.

मंडईची आठकोनी इमारत 1886 साली सुरू झाली. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. आता ती महात्मा फुले मंडई आहे. गंमत अशी, की जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात नगरपालिकेचे सभासद होते आणि बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा घालायला त्यांचा विरोध होता. तो शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं.

जोतीरावांची पुण्याजवळ मांजरीला शेती होती, साठेक एकर. मातीचं दुखणं त्यांना ठाऊक होतं. 1883 साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केलं. त्यात ते सांगतात, की पूर्वी डोंगरावरचा पालापाचोळा पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरायचा आणि त्याचं खत व्हायचं. पुढं ते थांबलं आणि जमिनी नापीक होत गेल्या. उपायही सांगतात. ताली-बंधारे असे घाला, की पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्याला मिळेल. ओढ्या-तळ्यांतला गाळ शेतकऱ्याला फुकट नेऊ द्या. आज ज्याला मृदसंधारण म्हणतात, ते दुसरं काय आहे?

याच मांजरीला 1923 साली सरकारी शेतावर कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले. 1933 मध्ये सोलापूरला त्यासाठी संशोधन केंद्र निघालं. उताराला आडवे बांध, शेणखत, विरळ पेरणी आणि वेळेवर कोळपणी, असा त्यांचा धडा होता. 1942 साली मुंबई प्रांतात जमीन सुधारणेचा कायदा आला आणि बांधबंदिस्तीची कामं गावोगाव निघाली.

मग आला 1972 चा दुष्काळ. तो तुमच्या आई-आजीनं पाहिला असेल. रोजगार हमीच्या कामावर पाझर तलाव झाले, नाल्यांवर बांध पडले. पुरुष खोदायचे आणि बाया पाट्या वाहायच्या. महाराष्ट्राची किती माती बायांच्या डोक्यावरून बांधावर गेली, याचा हिशेब कुठल्या वहीत नाही.

1997 साली मांजरीलाच राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालं. तिथं प्रयोगाच्या बागा आहेत आणि बागायतदार शिकायला येतात. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. दोन्ही वेळा काड्यांचा ढीग पडतो. पुष्कळ ठिकाणी तो बांधावर नेऊन पेटवतात.

इथंच कर्बाची गोष्ट येते. वेल हवेतला कर्ब घेऊन पान आणि काडी बनवते. वाळलेल्या काडीच्या वजनात जवळजवळ निम्मा कर्ब असतो. काडी पेटवली की तो धूर होऊन परत हवेत जातो. तीच काडी बारीक करून ओळीत अंथरली, सोबत उसाचं पाचट टाकलं, दोन ओळींत ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडला, तर कर्बाचा काही वाटा मातीत राहतो. माती भुसभुशीत होते, ओल धरते, पावसात वाहून जात नाही. रोगट काड्या मात्र बागेत ठेवू नयेत. याला आता ‘कार्बन शेती’ म्हणतात. आपली आजी म्हणायची, रान कसदार झालं.

माती परीक्षणाच्या कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ अशी एक ओळ असते. आकडा 0.40 च्या खाली असेल तर जमीन उपाशी आहे असं समजा. एक एकराच्या वरच्या सहा इंच मातीचं वजन भरतं सुमारे नऊ लाख किलो. त्यामुळे कर्ब नुसता 0.1 टक्क्यानं वाढला, तरी एकरी नऊ क्विंटल कर्ब जमिनीत साठला. पण ते एका हंगामाचं काम नव्हे. त्याला वर्षं लागतात, आणि सारखी नांगरट केली तर साठलेलं उडूनही जातं.

2015 साली पॅरिसच्या हवामान परिषदेच्या वेळी, जगभरच्या मातीतला कर्ब दर वर्षी हजारी चारनं वाढवायचा, असा उपक्रम पुढं आला. मातीत साठवलेल्या कर्बाचे पैसे देणारे करारही आता शेतकऱ्यांपुढं येऊ लागले आहेत. इथं थांबून एक प्रश्न विचारायला हवा.

बागेत फेलफूट कोण काढतं? मण्यांची विरळणी कोण करतं? काड्या कोण वेचतं, पाचट कोण अंथरतं? बहुतेक वेळा आपणच. आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं? करार जमिनीच्या मालकाशी होतो आणि पैसे त्याच्या खात्यात जातात. 1886 साली मंडई उघडली. बरोबर शंभर वर्षांनी, 1986 साली, नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातल्या चांदवडला शेतकरी बायांचं मोठं अधिवेशन भरलं. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकोच्या नावे जमीन करा, अशी हाक शेतकरी संघटनेनं दिली. काही घरांनी ती ऐकली. बाकीच्या घरांत ते काम अजून राहिलंय.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीला दोन कागद घेऊन या: माती परीक्षणाचा आणि सातबाऱ्याचा. पहिल्यावर कर्बाचा आकडा बघा, दुसऱ्यावर नाव बघा. कुणी कर्बाचा करार घेऊन आलं, तर तो किती वर्षांचा आहे आणि पैसे कुणाच्या खात्यात जाणार, हे गटात मोठ्यानं वाचून घ्या. तोवर छाटणीच्या काडीला काडेपेटी लावू नका.