‘कोन्विविउम’ आणि रोमन पंक्तिप्रपंच

रोमन लोकांच्या भोजनाचा विषय निघाला की वितेल्लिउस बादशहाच्या थाळीतील रोहित पक्ष्यांच्या जिभा आणि ‘वोमितोरिउम’ यांचा उल्लेख हटकून होतो. यांपैकी दुसऱ्या गोष्टीविषयीचा समज सर्वस्वी चुकीचा आहे. ‘वोमितोरिउम’ ही जेवताना ओकण्याची खोली नव्हे; प्रेक्षागारातील लोंढ्याला वाट देणारा तो मार्ग होय. खादाडपणाच्या अशा कथांमुळे रोमन पंक्तीचा खरा प्रश्न मात्र झाकला जातो. काय खाल्ले जाई यापेक्षा कोणाशेजारी बसून आणि कोणाच्या तुलनेत काय खावयास मिळे, हा तो प्रश्न आहे.

मेजवानीस लॅटिनमध्ये ‘कोन्विविउम’ म्हणत. यातील ‘वीव्हेरे’ या क्रियापदाचा आणि संस्कृत ‘जीव्’ धातूचा उगम एकच; ‘कोन्’ म्हणजे सह. अर्थात शब्दाचा अर्थ होतो सहजीवन. सिसरोने इ. स. पू. 44 मध्ये लिहिलेल्या वार्धक्यविषयक संवादात केटोच्या मुखाने या शब्दाचा अभिमान व्यक्त केला आहे. ग्रीकांचे शब्द केवळ सहपान व सहभोजन दर्शवितात. रोमनांनी मात्र त्यात जगण्याची सोबत पाहिली, असा त्याचा अभिप्राय आहे. शब्दाने दिलेले हे वचन पंक्तीने कितपत पाळले, हे पाहण्याजोगे आहे.

प्राचीन रोमन अन्न साधे होते. पाव रूढ होण्यापूर्वी ‘पुल्स’ नावाची धान्याची लापशी हेच मुख्य अन्न होते आणि इ. स. पू. 171 मध्ये सुरू झालेल्या पर्सेउसविरुद्धच्या युद्धापर्यंत रोममध्ये धंदेवाईक भटारी नव्हते, असे थोरला प्लिनी सांगतो. मुख्य जेवण म्हणजे ‘केना’. ते पूर्वी दुपारी होई. पुढे ते दिवस कलण्याच्या वेळेकडे सरकले आणि संध्याकाळच्या जेवणाचा ‘वेस्पेर्ना’ हा जुना शब्द व्यवहारातून नाहीसा झाला.

श्रीमंतांच्या घरी केना ‘त्रिक्लिनिउम’मध्ये होत असे. तीन मंचक, प्रत्येकावर तीन जण. डाव्या कोपरावर रेलून उजव्या हाताने खावयाचे. ही मांडणी दिसावयास मोकळीढाकळी असली तरी प्रत्येक जागेची पायरी ठरलेली होती. मधल्या मंचकावरील शेवटची जागा ‘कॉन्सलची’ म्हणजे बहुमानाची. तिच्या लगत, तिसऱ्या मंचकाच्या आरंभी, यजमान. या एका जागेला इतका मान का, यावर प्लुटार्कने स्वतंत्र चर्चा केली आहे.

मानाची ही पायरी पुढे ताटापर्यंत उतरली. मराठीत ज्याला ‘पंक्तिप्रपंच’ म्हणतात, नेमका तोच प्रकार धाकट्या प्लिनीने आपल्या एका पत्रात नोंदविला आहे. यजमानाने स्वतःपुढे व मोजक्या पाहुण्यांपुढे उत्तम पदार्थ मांडले, इतरांना हलके आणि तेही थोडके. मद्य तीन प्रकारचे होते: एक स्वतःस व प्लिनीस, दुसरे खालच्या प्रतीच्या मित्रांस, तिसरे मुक्त केलेल्या दासांस. तीन प्रकार ठेवण्याचा हेतू पाहुण्यांना निवड करता यावी हा नव्हता. मिळाले ते नाकारता येऊ नये, हा होता. ‘मग आपण काय करता?’ असे शेजाऱ्याने विचारता प्लिनीने सांगितले की तो सर्वांना एकच वाढतो, मुक्तदासांनाही. कारण पंक्तीला बसल्यावर ते त्याच्या लेखी ‘कोन्विक्तोर’ असतात. हा शब्द त्याच ‘कोन्-वीव्हेरे’ पासून आला आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. खर्चाची शंका त्याने सहज निवारली: मुक्तदास त्याचे मद्य पीत नाहीत, तोच त्यांचे पितो. हे औदार्य खरे मानावयास हरकत नाही. तथापि मद्य ओतणाऱ्या दासांचा विचार या पत्रात कोठेच नाही.

प्लिनी उपहासकार नाही, म्हणून त्याची साक्ष मोलाची. तिच्या आधारेच मार्शलची तक्रार विश्वसनीय ठरते. आश्रयदात्याकडून आश्रितास मिळणाऱ्या शिधेला ‘स्पोर्तुला’, म्हणजे लहान टोपली, म्हणत. पुढे टोपलीऐवजी 100 क्वाद्रान्सची रोकड देण्यात येऊ लागली. शब्द तोच राहिला. दोमितियन बादशहाने (इ. स. 81–96) रोकड बंद करून पुन्हा रीतसर जेवण सुरू केले. त्यावर मार्शल विचारतो की आता पैशाऐवजी जेवणाचे आमंत्रण आहे, तर यजमानाचेच जेवण आपल्याला का मिळू नये? यजमानापुढे लुक्रिनुस सरोवरातील पुष्ट कालवे, मार्शलपुढे चोखावयास शिंपला. तिकडे धष्टपुष्ट होला, इकडे पिंजऱ्यात मेलेला पक्षी.

दोमितियनची सुधारणा टिकली नाही. दुसऱ्या शतकाच्या आरंभी जुव्हेनलच्या पहिल्या उपहासिकेत रोकड पुन्हा दिसते. आश्रित दाराशी नाणी मोजून घेतात आणि निघून जातात. आत मंचक रिकामे आहेत आणि यजमान त्यांवर एकटाच रेलून जेवतो आहे.