कोड, रक्तपिती आणि बधिर चट्टा

मराठीत ‘कोड’ म्हणजे रंग गेलेल्या त्वचेचे पांढरे डाग. हिंदीत ‘कोढ’ म्हणजे मात्र कुष्ठरोग. दोन्ही शब्द संस्कृत ‘कुष्ठ’मधूनच आले, पुढे त्यांच्या वाटा फुटल्या. रक्तपितीचेही तसेच. आयुर्वेदातले रक्तपित्त हा रक्तस्रावाचा विकार. आपल्या बोलीतली रक्तपिती म्हणजे महारोग. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. तिथल्या दप्तराच्या उर्दूत कुष्ठाला ‘जुजाम’ आणि कोडाला ‘बरस’ असे दोन निराळे शब्द होते.

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. कोड संसर्गजन्य नाही आणि त्याने हातपाय वाकडे होत नाहीत. तरी नावाच्या या नात्यापायी किती लग्ने मोडली असतील! उलट खऱ्या कुष्ठाचा पहिला चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून साधा डाग समजून सोडून दिला जातो.

आयुर्वेदाने कुष्ठाचे १८ प्रकार मांडले, ७ महाकुष्ठे आणि ११ क्षुद्रकुष्ठे. त्यांत दद्रू, म्हणजे आपला नायटाही येतो. सगळी वर्गवारी कातडीच्या रूपावरची. तरी सुश्रुताने ‘स्पर्शहानि’ हे लक्षण नोंदवले आहे, आणि रोगाची खूण नेमकी तीच. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १८९८च्या कायद्याला मात्र रोगी दिसला तो व्रण पडू लागल्यावरच! तोवर नसा केव्हाच गेलेल्या असत. नॉर्वेच्या हान्सेनला जंतू दिसून (१८७३) तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती.

हैदराबाद संस्थानात या रोगाचे मोठे इस्पितळ १९१५ साली निघाले ते निजामाबादजवळच्या डिचपल्लीत, मिशनच्या डॉ. इझाबेल कर यांच्या हातून. परभणीहून पूर्णा, नांदेड, निजामाबाद ओलांडले की त्याच लोहमार्गावर डिचपल्ली. उपाय त्या काळी कडू कवठाच्या जातीच्या बियांच्या तेलाचा.

निदानाची दिशा खरी पालटली ती वर्ध्यात. १९५१मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. वार्डेकरांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार यांची सांगड घातली. रोगी दवाखान्यात येण्याची वाट न पाहता तपासणाराच घरोघर जाऊ लागला. माझ्या मते हे पाऊल औषधाइतकेच मोलाचे.

तपासणीला लागते तरी काय? चांगला उजेड आणि पेनचे टोक. डोळे मिटायला सांगून चट्ट्याला टोक लावायचे. कुठे लागले ते बोटाने दाखवता आले नाही, तर तो चट्टा बधिर. कोडाच्या डागावर स्पर्श शाबूत असतो. मग कोपरामागची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस जाड झाली आहे का, हे चाचपायचे. गाठींच्या प्रकारात सुरुवातीला स्पर्श शाबूत राहू शकतो. तिथे कानाच्या पाळीतला द्राव काचपट्टीवर घेऊन जंतू शोधतात. पाचपर्यंत चट्टे असतील तर ६ महिने औषध, त्याहून अधिक असतील तर १२.

कायदा आणखी मागे राहिला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून गेले ते थेट २०१९ साली.

आता शोधमोहिमेत आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक अशी जोडी घरोघर फिरते. बाईची पाठ बाईनेच तपासायची, यासाठी. पाठीवरचा चट्टा आपला आपल्याला दिसत नाही.