शिडाच्या होडीत इंजिन

कोकणातली लाकडी यांत्रिक होडी ही मुळात शिडाची होडी आहे. मचवा, गलबत, पडाव हे प्रकार वाऱ्यावर चालण्यासाठी घडले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यांच्या पोटात इंजिन आले आणि शिडाची जागा हळूहळू पंख्याने घेतली.

हे उशिरा घडले, कारण आधीची इंजिने लहान होडीला परवडणारी नव्हती. वाफेच्या यंत्राला बॉयलर आणि कोळसा लागे. 1890 च्या दशकात युरोपात तप्तगोल इंजिने बनू लागली. त्यांचा माथा दिव्याच्या ज्योतीने लाल तापवावा लागे, पण जाडेभरडे तेलही त्यांना चाले. त्यांच्यानंतर डिझेलने बाजी मारली. 1946 मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि डिझेल इंजिन महाराष्ट्रातच बनू लागले. पुढे अशोक लेलँडच्या ट्रकच्या इंजिनांचे सागरी अवतारही मच्छीमारांनी आपलेसे केले. इंजिनासाठी लागणारे भांडवल एकट्या कोळी कुटुंबाकडे नव्हते. ते सरकारी कर्ज, अनुदान आणि मच्छीमार सहकारी संस्था यांतून उभे राहिले. पालघरजवळचे सातपाटी या बाबतीत सर्वांच्या पुढे होते.

सातपाटी आणि वसईकडच्या होड्यांचा कणा सरळ, पोट रुंद आणि मागची बाजू प्रशस्त असल्याने यंत्र त्यांना सहज मानवले. तरी इंजिन बसवायचे म्हणजे कोणत्याही होडीला मोठी शस्त्रक्रिया लागली. इंजिनासाठी तळाशी दोन जाड लांबट तुळया बसवाव्या लागल्या, मागच्या खांबाला भोक पाडून शाफ्ट बाहेर काढावा लागला आणि पंखा फिरायला सुकाणूपुढे जागा करावी लागली. शिडाचा ताण डोलकाठीच्या बुडाशी येई. इंजिनाची थरथर मात्र सगळ्या खिळ्यांना आणि सांध्यांना जाणवते. म्हणूनच यांत्रिक होडीची डागडुजी शिडाच्या होडीपेक्षा अवघड आहे.

पावसाळ्यात मासेमारी थांबली की होड्या उधाणाच्या भरतीला किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि दुरुस्तीचे काम बहुतेक याच काळात चालते. सुतार आधी फळ्या ठोकून पाहतो. ठोक्याचा आवाज मंद आला की आत कुज आहे किंवा समुद्री किड्यांनी लाकूड पोखरले आहे. लोखंडी खिळ्याभोवती गंज चढून लाकूड काळे पडले असेल, तर फळी वरून चांगली दिसली तरी बदलावी लागते. सांध्यांतला जुना कापूस उकरून नवा ठासतात आणि वरून लेप देतात. कापूस फार घट्ट ठासला तर पाण्यात लाकूड फुगल्यावर बरगड्यांवर ताण येतो. किती ठासायचे हे हातालाच कळते.

इंजिन उघडले की पिस्टन, रिंगा, लायनर आणि नोजल तपासतात. थंडाव्यासाठी खारे पाणी थेट फिरवले असेल, तर आतल्या वाटा गंजून बुजलेल्या सापडतात. गिअर-पेटी आणि शाफ्ट नीट एका रेषेत जोडणे हे सर्वांत नाजूक काम आहे. किनाऱ्यावर आधारावर ठेवलेली होडी किंचित वाकलेली असते आणि पाण्यात उतरल्यावर तिचा आकार बदलतो. म्हणून जाणकार फिटर शेवटची जुळणी होडी तरंगू लागल्यावर, फळ्या फुगून पाणी झिरपणे थांबल्यावरच करतो. जोडणीच्या दोन तबकड्यांमधली फट चारही बाजूंनी सारखी भरेपर्यंत इंजिनाखाली पातळ पत्रे घातले जातात. यात घाई झाली तर बेअरिंग जळते आणि पुढे मागचा खांबही सैल होतो.

दुरुस्तीमागचा हेतू जतनाचा असेल, तर गोष्ट वेगळी असते. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या, 1940 च्या डंकर्कच्या माघारीत सामील झालेल्या खासगी होड्यांच्या मालकांची एक संघटना आहे. तिच्यामुळे कित्येक होड्या मूळ रूपात जपल्या गेल्या. कोकणात होडी पोटासाठी दुरुस्त होते, त्यामुळे एकाच होडीत फळ्या वेगवेगळ्या काळच्या असतात आणि इंजिनही बदललेले असते. मूळ काय, हा प्रश्न इथे वेगळ्या तऱ्हेने सोडवावा लागतो. जपायला हवा तो बांध्याचा आकार, कण्याचा उतार आणि सांध्यांची पद्धत.

काचतंतूच्या होड्या आल्यापासून लाकडी होडी मागे पडत आहे. जुन्या बांध्यावर काचतंतूचे आवरण चढवण्याचा उपायही केला जातो, पण ओले लाकूड त्याखाली बंद झाले तर आतून कुजत राहते. पारंपरिक सुतार कागदावर आराखडा न काढता, साच्यांच्या आणि नजरेच्या आधारे होडी बांधत आले. म्हणून जुनी होडी मोडण्यापूर्वी तिची नोंद होणे फार गरजेचे आहे: दर ठरावीक अंतरावर तिच्या पोटाची रुंदी आणि खोली मोजणे, फळ्यांचा क्रम व खिळ्यांच्या जागा टिपणे आणि इंजिनाच्या तुळयांची मापे घेणे.